गाडीतला ॲम्प जोडताना: वॉट विसरा, ॲम्पिअर आणि ओहम बघा

कार स्टिरिओच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: ५० वॉट गुणिले ४. म्हणजे दोनशे वॉट. गाडीत बसवून आवाज जरा वाढवला की दारातले स्पीकर फाटल्यासारखे वाजायला लागतात. दुकानदार म्हणतो, कंपनीचे स्पीकर आहेत, बदलून टाका. बदलले तरी तेच. दोष स्पीकरचा नसतो, खोक्यावरच्या आकड्याचा असतो. तो आकडा येतो कुठून हे एकदा कागदावर मांडलं की वेगळा ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, कशाला लागतो आणि त्याला बॅटरीपासून वेगळी जाड वायर कशाला लागते, दोन्ही कळतं.

इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत जातं. स्टिरिओमधली आयसी (स्पीकर चालवणारी चिप) स्पीकरला याहून जास्त व्होल्टेज देऊ शकत नाही. स्पीकर ४ ओहमचा. वॉट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४, आले ५२ वॉट. हाच खोक्यावरचा ५०! पण तो मिळतो आयसी पार ताणल्यावर, लहरींचे माथे छाटले जाऊन त्या चौकोनी झाल्यावर. म्हणजे नेमका तो फाटका आवाज. स्वच्छ लहरीचं शिखर १४.४ धरलं तर तिचा आरएमएस (परिणामकारक सरासरी) येतो १०.२ व्होल्ट आणि पॉवर २६ वॉट. आयसीतले तोटे वजा केले की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला १८ ते २० वॉट उरतात. खोक्यावर ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या, ‘आरएमएस’ शोधा. ॲम्प घेताना ‘सीईए-२००६’ असा पॉवर मोजण्याच्या मानकाचा उल्लेख दिसला तर बरं, कारण त्या पद्धतीत १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती एवढ्या अटींवर मोजलेली पॉवर सांगावी लागते.

यातच आणखी एक गोष्ट दडली आहे. २६ वॉट तरी मिळतात, कारण आयसी स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलत असते. स्पीकरची ‘मायनस’ वायर त्यामुळे अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली) नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. जुन्या टेपच्या जमान्यात स्पीकरची एक वायर बॉडीला ठोकून भागायचं. आजच्या स्टिरिओला तसं केलंत तर आयसी उडण्याची शक्यता दाट.

वेगळ्या ॲम्पच्या पोटात मात्र आधी एक पॉवर सप्लाय असतो. तो बॅटरीचे १२-१४ व्होल्ट चढवून अधिक-उणे २५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त करतो आणि मग त्यावर स्पीकर चालवतो. ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ ६० वॉट द्यायचे तर १५.५ व्होल्ट आरएमएस लागतात, शिखर जवळजवळ २२ व्होल्टचं. बॅटरीवर ते नाहीतच, म्हणून चढवावे लागतात. आणि व्होल्टेज चढवायचं म्हणजे बॅटरीकडून करंट जास्त ओढायचा. वायरिंगमधली सगळी उस्तवार या करंटसाठी आहे.

एक खरीखुरी जोडणी धरून चालू

हवेत बोलण्यापेक्षा एक नेहमीची मांडणी घेऊ. छोटी पेट्रोल हॅचबॅक, बॉनेटखाली ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी. डिकीत चार चॅनेलचा ॲम्प: ४ ओहमला दर चॅनेल ६० वॉट आरएमएस, २ ओहमला ९०. पहिले दोन चॅनेल पुढच्या दारांतल्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र करून, एका सबवूफरला (जाड स्वरांचा मोठा स्पीकर, थोडक्यात सब). मागचे स्पीकर स्टिरिओवरच राहू द्या; मागे बसणाऱ्यांना तेवढं पुरतं, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागून मोठा आवाज येण्यात तसंही काही मजा नाही.

पुढचे दोन मिळून १२० वॉट. सबला ब्रिजवर १८० वॉट. एकूण ३००. डी क्लासचा (कमी तापणारा) ॲम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीकडून ३७५ वॉट ओढणार. भागिले १३.८ व्होल्ट, आले २७ ॲम्पिअर. तोच ॲम्प जुन्या एबी क्लासचा असेल तर अर्धी ऊर्जा उष्णतेत जाते आणि करंट ४३ ॲम्पिअरवर पोचतो. गाण्यात एवढी पॉवर सतत लागत नाही, सरासरी बरीच कमी असते. पण ढोलाचा ठोका पडतो त्या क्षणी वायरने अडवलं तर तो ठोका बसकाच येणार.

बॅटरीपासून डिकीपर्यंत, दाराच्या उंबऱ्याखालून वळणं घेत, पाचेक मीटर वायर लागते. ८ गेजच्या वायरीत तांब्याचा छेद ८.४ स्क्वेअर एमएम असायला हवा. अशा पाच मीटर तांब्याचा रोध सुमारे १० मिलिओहम, म्हणजे २७ ॲम्पिअरला पाव व्होल्टच्या आसपास घट. चालेल. आता बाजारात तयार मिळणारं स्वस्त किट बघा. बाहेरून गुबगुबीत लाल पारदर्शक वेष्टण, आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि छेद जेमतेम ५ स्क्वेअर एमएम. अशा वायरीत त्याच करंटला पाऊण व्होल्ट जातो आणि वीस वॉट नुसत्या वायर तापण्यात. विहिरीवरच्या पंपाला लांबून बारीक केबल ओढली की पंप गुरगुरतो आणि पाणी मात्र फेकत नाही, तसलाच हा प्रकार.

मुलाम्याची वायर ओळखणं सोपं आहे. एक तार बाहेर काढा आणि ब्लेडने हलकं खरवडा. खालून चांदीसारखा पांढरा रंग निघाला तर ॲल्युमिनियम. (कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं उलटं वागतं: बाहेर पांढरं, आत लाल. ते उत्तम, दमट हवेत तर जास्तच.) खरवडू देत नसतील तर गुंडाळी हातात तोलून बघा, तांबं जड लागतं. कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत ॲल्युमिनियमची टोकं लवकर खराब होतात, आणि एकदा टोक खराब झालं की तिथेच वायर तापायला लागते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘कार ऑडिओ वायर’ न मागता साधी १० स्क्वेअर एमएमची बहुतारी लवचिक तांब्याची केबल मागा. ती ८ गेजहून थोडी जाडच असते. एबी क्लासचा मोठा ॲम्प असेल तर २५ स्क्वेअर एमएम घ्या, ती ४ गेजच्या जवळपास जाते.

फ्यूज कुठे आणि कशासाठी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. बॅटरीपासून निघालेल्या वायरीवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीजवळ हवा, ४५ सेंटीमीटरच्या आत. ‘ॲम्पला आतमध्ये फ्यूज आहे ना’ हे उत्तर चालत नाही. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पसाठी असतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी असतो.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत येते. पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड धारदार असते. रबरी ग्रोमेट (भोकात बसवायचं कडं) नसेल तर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी काही महिन्यांत वेष्टण कापलं जातं आणि वायरीतलं तांबं थेट बॉडीला टेकतं. बॉडी म्हणजे बॅटरीचा मायनस. स्टार्टर मोटर फिरवणारी बॅटरी अशा वेळी काहीशे ॲम्पिअर सोडते. गाडी बंद असो, चावी खिशात असो, काही फरक पडत नाही. फ्यूज डिकीत ॲम्पजवळ असेल तर तो या भानगडीत येतच नाही, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच बॉडीत उतरतो. वायर लाल होते, वेष्टण पेटतं, शेजारी कार्पेट असतं. पुढचं सांगायला नको.

फ्यूजचा आकडा वायरीला झेपेल त्याच्या आत आणि ॲम्पच्या गरजेच्या थोडा वर ठेवतात. आपल्या मांडणीत १० स्क्वेअर एमएम तांब्याला ४० ॲम्पिअर ठीक. फ्यूज सारखा उडतो म्हणून ८० चा टाकणं म्हणजे रोग तसाच ठेवून थर्मामीटर फोडणं. वायर ओढताना बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवा आणि फ्यूज सर्वांत शेवटी बसवा.

अर्थ

प्लसच्या वायरीवर पैसे खर्च करून मायनसला मात्र जेमतेम वायर लावणारे महाभाग खूप आहेत. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, तेव्हा अर्थची वायरही तेवढीच जाड हवी. फक्त ती लांब ओढायची नाही. ॲम्पच्या जवळ, हातभर अंतरात, बॉडीचा जाड पत्रा शोधा. रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, वायरीला लग (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने आवळा आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावा. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. तो जीव वाचवायला आहे, आणि त्याच्या आट्यांवर बहुधा चिकट लेप असतो.

अर्थ चांगली झाली का, हे ओहम मोजून कळत नाही. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, आणि आपल्याला शोधायचा असतो त्याच्या शंभराव्या भागाइतका. त्यापेक्षा मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं लांब वायरीने बॅटरीच्या मायनसवर, आणि गाणं मोठ्याने लावा. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड पुन्हा उघडा.

‘कुईं’ असा आवाज, जो ॲक्सिलरेटरबरोबर चढतो आणि उतरतो, तो बऱ्याचदा याच कमकुवत अर्थमधून येतो. स्टिरिओची अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्पची डिकीत, आणि दोन्हींमध्ये थोडा व्होल्टेज-फरक. स्टिरिओकडून ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी दोन्ही टोकांना जोडते, तेव्हा त्या फरकाचा करंट जाळीतून वाहतो आणि अल्टरनेटरची थरथर सिग्नलमध्ये मिसळते. शोधायचं कसं? ॲम्पकडच्या आरसीए पिना काढा. आवाज थांबला तर घोळ सिग्नलच्या बाजूला आहे, चालूच राहिला तर ॲम्पमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये. फिल्टर विकत घेण्याआधी एवढं करून बघाच. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने नेली की अशा कटकटींना जागा कमी राहते.

स्टिरिओच्या मागच्या वायरी

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना एकच रंगसंगती असते. पिवळी म्हणजे कायमचा सप्लाय, लाल चावीनंतरचा, काळी अर्थ. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. जोडीतली काळ्या रेघेची वायर मायनस. निळी-पांढरी वायर ॲम्पच्या ‘रिमोट’ टर्मिनलला जाते. ती ॲम्पला फक्त जागं करते, तिच्यातून नाममात्र करंट वाहतो, त्यामुळे बारीक वायर पुरते. नुसती निळी असेल तर ती मोटरच्या अँटेनासाठी असते आणि बऱ्याच सेटमध्ये फक्त रेडिओ लावल्यावर जिवंत होते. ‘रेडिओवर सबवूफर वाजतो, ब्लूटूथवर वाजत नाही’ अशी तक्रार आली तर आधी हे तपासावं. रिमोट टर्मिनल कायमच्या सप्लायला जोडलं तर ॲम्प रात्रंदिवस जागा राहतो आणि ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत मान टाकते.

कंपनीच्या बिल्ट-इन टचस्क्रीनला आरसीए नसेल तर स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल घ्यावा लागतो. काही ॲम्पना त्यासाठी ‘हाय लेव्हल इनपुट’ असतं, नसेल तर लाइन आउटपुट कन्व्हर्टर बसवतात. मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू नका. त्या-त्या मॉडेलचे कपलर मिळतात, ते लावा, म्हणजे वॉरंटीच्या काउंटरवर वाद घालायची वेळ येत नाही.

ओहमचा हिशोब, जिथे ॲम्प जळतात

४ ओहमचे दोन स्पीकर एकापुढे एक जोडले की ८ ओहम. शेजारीशेजारी, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडले की २ ओहम. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट. म्हणून ॲम्पवर ‘किमान २ ओहम’ लिहिलं असेल तर त्याखाली जाणं म्हणजे ॲम्पला त्याच्या ताकदीबाहेर ओढायला लावणं. मीटरने स्पीकर मोजलात तर ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.६ दाखवतो. घाबरू नका, मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो.

ब्रिज करताना गफलत होते ती इथे. दोन चॅनेल मिळून एक स्पीकर चालवतात, तेव्हा प्रत्येक चॅनेलला त्या स्पीकरचा निम्माच ओहम दिसतो. ४ ओहमचा सब ब्रिजवर लावला तर प्रत्येक चॅनेलला तो २ ओहमचा वाटतो. आपला ॲम्प २ ओहमला ९० वॉट देतो, दोन चॅनेलचे १८०. वरचा आकडा इथूनच आला.

आता समजा तुम्ही दुहेरी कॉइलचा सब आणला, प्रत्येक कॉइल २ ओहमची. दोन्ही कॉइल एकापुढे एक जोडल्या तर ४ ओहम, ब्रिजसाठी अचूक. त्याच कॉइल शेजारीशेजारी जोडल्या तर १ ओहम, आणि ब्रिजवर प्रत्येक चॅनेलला अर्धाच ओहम. ॲम्प बरा असेल तर लाल दिवा लावून ‘प्रोटेक्ट’मध्ये जाईल, स्वस्त असेल तर धूर काढेल. म्हणून सब विकत घेण्याआधी ॲम्पच्या कागदावर ब्रिजसाठी किमान किती ओहम लिहिलेत ते वाचा आणि त्यावरून कॉइल निवडा. दुकानात उलटा क्रम चालतो: आधी बारा इंची आवडतो, मग त्याला ॲम्प जुळवत बसतात. ब्रिजसाठी कुठलं प्लस आणि कुठलं मायनस घ्यायचं ते ॲम्पवर टर्मिनलपाशी रेघेने दाखवलेलं असतं. अंदाज करू नका.

प्लस-मायनसचं भान प्रत्येक स्पीकरला ठेवायचं. डावा सरळ आणि उजवा उलटा लागला तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. जळत काहीच नाही, बेस मात्र गायब. खुणा पुसलेल्या असतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे लागला ते स्पीकरचं प्लस. ट्वीटरवर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) हा प्रयोग करू नका. ट्वीटर क्रॉसओव्हरशिवाय (वरचे-खालचे स्वर वेगळे करणारं सर्किट) ॲम्पला जोडूही नका, खालच्या स्वरांनी त्याची बारीक कॉइल जळते. कम्पोनंट (ट्वीटर वेगळा असलेल्या) स्पीकरबरोबर येणारी क्रॉसओव्हरची डबी दारात न ठेवता केबिनमध्ये ठेवा. पावसाळ्यात दाराच्या पोटातून पाणी वाहत असतं.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्पवरचं गेनचं बटण स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी असतं. कुणाचा सिग्नल २ व्होल्टचा, कुणाचा ४ चा. गेन पूर्ण फिरवला म्हणून ॲम्पची ताकद वाढत नाही, तो फक्त लवकर चौकोनी लहरी काढायला लागतो. त्या लहरींत सरासरी पॉवर जास्त असते, आणि स्पीकर जळतात ते बहुधा तिनेच.

जुळवायला साधा मीटर पुरतो. स्पीकर सोडवून ठेवा. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य. पुढच्या चॅनेलचा क्रॉसओव्हर हाय पासवर (फक्त वरचे स्वर जाऊ देणारा), ८० हर्ट्झ. सबचा लो पासवर (फक्त खालचे स्वर), ८० हर्ट्झच. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर. मग शून्य डेसिबलचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीचा, चाचणी स्वर लावा, पुढच्यासाठी १००० हर्ट्झ आणि सबसाठी ५०. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. थांबायचं कुठे? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. पुढच्या ६० वॉट, ४ ओहमसाठी १५.५ व्होल्ट. सबच्या १८० वॉट, ४ ओहमसाठी २६.८. स्पीकर स्वतः एवढे वॉट घेणारा नसेल तर त्याचा आकडा धरा. पुढे गाणी ऐकताना सब फार वाटला तर गेन कमी करा, वाढवू मात्र नका.

बेस वाजताना हेडलाइट मंद होतात, म्हणून काही जण एक फॅरडचा चमकदार कपॅसिटर लावून देतात. निळे आकडे दाखवतो, छान दिसतो. व्होल्टेज १४ वरून १२ वर येईपर्यंत त्यातून मिळतात २६ ज्यूल. आपला ॲम्प ३७५ वॉट ओढत असेल तर ते ०.०७ सेकंदात संपतात. तेच पैसे बॅटरीचा मायनस आणि बॉडी, तसंच अल्टरनेटर आणि बॅटरीचा प्लस यांच्यातल्या वायरी जाड करण्यावर घाला. एसी, हेडलाइट आणि वायपर चालू असताना इंजिन आयडलवर ठेवून ॲम्पच्या टर्मिनलवर मोजा. गाणं जोरात चालू असताना १३ च्या वर टिकलं तर काळजी नाही. १२ च्या आसपास घुटमळत असेल तर अल्टरनेटरलाच एवढं झेपत नाही, आणि दुसरा सब घ्यायचा विचार पुढे ढकला.

बहुतारी केबल स्क्रूखाली दबून हळूहळू बसते, त्यामुळे पंधरा दिवसांनी सगळी टर्मिनलं पुन्हा एकदा आवळा. लांबच्या प्रवासानंतर फ्यूजहोल्डरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, बोट टिकत नसेल तर आतला जोड ढिला आहे.